निर्दोष ठरल्यानंतर

आपल्या भाषेत एक मोठे निष्ठुर क्रियापद आहे. न्यायालयाने एखाद्याला निर्दोष ठरविले, की आपण म्हणतो, ‘तो सुटला.’ चोर पोलिसांच्या हातून निसटला तरी तो सुटला; आणि ज्याने चोरी कधी केलीच नव्हती असा माणूस खटला जिंकून घरी परतला, तरी तोही सुटलाच! दोघांसाठी शब्द एकच. न्यायालय माणसाला कैदेतून मोकळे करते, परंतु लोकांच्या मनातून त्याला मोकळे कोणी करावयाचे? आणि ते करणे हे आपले कर्तव्य आहे, की केवळ मर्जीचा भाग?

हा प्रश्न एका अशा माणसाच्या आयुष्यात जितका उघडा पडला तितका क्वचितच कोठे पडला असेल. त्याचा धंदा लोकांना हसविण्याचा होता. रॉस्को आर्बकल हे त्याचे नाव; परंतु मूकपटांच्या प्रेक्षकांना तो ‘फॅटी’ म्हणूनच ठाऊक होता. १८८७ साली अमेरिकेतील कॅन्सस संस्थानात जन्मलेला हा अवाढव्य पोरगा गाण्याबजावण्याच्या रंगभूमीवरून १९१३ मध्ये मॅक सेनेटच्या ‘कीस्टोन’ कंपनीत आला. १९१४ साली चार्ली चॅप्लिन तेथे नवखा होता, तेव्हा दोघांनी एकत्र कामे केली. मेबल नॉर्मंड या गुणी नटीबरोबर त्याची जोडी जमली. पुढे १९१७ मध्ये न्यूयॉर्कला त्याने बस्टर कीटन नावाच्या एका तरुणाला पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे उभे केले आणि चित्रपटाच्या कलेची धुळाक्षरे त्याच्याकडून गिरवून घेतली. तोच कीटन पुढे मूकपटाच्या विनोदाचे एक शिखर ठरला.

आर्बकलचा विनोद स्थूल देहाचा होता, पण स्थूल नव्हता. जाड माणूस खुर्चीत अडकला, दारात रुतला, अशा फुकटच्या हशावर जगणे त्याला कमीपणाचे वाटे. एवढे अंग घेऊन तो कोलांट्या घेई, पडे, उठे आणि नर्तकासारखा हलक्या पावलांनी नाचे. काट्यांना पाव टोचून ते टेबलावर पायांसारखे नाचविण्याचा खेळ चॅप्लिनच्या १९२५ मधील ‘द गोल्ड रश’मुळे जगभर गाजला, आर्बकलने तो १९१७ मध्येच ‘द रफ हाउस’ या लहानशा चित्रपटात करून दाखविला होता. पडद्याबाहेर मात्र त्याला कोणी ‘फॅटी’ म्हटलेले खपत नसे. मला एक नाव आहे, असे त्याचे म्हणणे. ज्या प्रेक्षकांनी त्याच्यावर एवढे प्रेम केले, त्यांनी त्याचे नाव विचारण्याची तसदी घेतली नव्हती. प्रेमाच्या भरात या उणिवेकडे कोणाचेच लक्ष गेले नाही.

१९२१ पर्यंत आर्बकल जगातील सर्वांत महागड्या नटांपैकी एक झाला होता. त्या वर्षी ५ सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्कोमधील सेंट फ्रान्सिस हॉटेलात त्याच्या खोल्यांत मेजवानी झाली. तेथे व्हर्जिनिया रॅप ही तरुण नटी एकाएकी आजारी पडली आणि चार दिवसांनी, ९ सप्टेंबरला, उदरपोकळीतील दाहाने मरण पावली. तिच्या मृत्यूला आर्बकल कारण झाला, असा आरोप आला. मग वर्तमानपत्रांना जणू सुगीच आली. विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या पत्रांनी तर ही कथा दिवसेंदिवस रंगविली. खटला उभा राहण्यापूर्वीच गावोगावच्या चित्रपटगृहांतून त्याचे चित्रपट उतरविण्यात आले. ज्या देहाकडे पाहून काल लोक खदखदा हसत होते, त्याच देहात आज त्यांना राक्षस दिसू लागला.

खटले तीन झाले. पहिल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. दहा जण त्याला निर्दोष म्हणत होते. दुसऱ्या वेळी बचावाच्या वकिलांना विजयाची इतकी खात्री वाटली, की त्यांनी आर्बकलला साक्षीला उभेच केले नाही. आणि ज्यूरीचे बहुमत फिरले! मौनावर ज्याने सारी कीर्ती मिळविली, त्याचे मौनच त्याच्याविरुद्ध साक्ष देऊन गेले. जिच्या जबानीवरून हे प्रकरण पेटले, त्या बाईला मात्र सरकारी वकिलांनी एकदाही ज्यूरीपुढे आणले नाही. अखेर १२ एप्रिल १९२२ रोजी तिसऱ्या ज्यूरीने अवघ्या काही मिनिटांत त्याला निर्दोष ठरविले. एवढ्यावर न थांबता त्यांनी लेखी निवेदन केले, की आर्बकलला केवळ निर्दोष ठरविणे पुरेसे नाही. त्याच्यावर मोठा अन्याय झाला आहे.

न्याय याहून अधिक काय करू शकतो? आणि तरीही सहा दिवसांनी, १८ एप्रिलला, चित्रपटधंद्याने आपल्या अब्रूच्या राखणीसाठी नेमलेल्या विल हेज यांनी त्याच्या चित्रपटांवर बंदी घातली. डिसेंबरात ती त्यांनी उठविली, पण लोकांनी घातलेली बंदी उठविणे त्यांच्या हाती नव्हते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. प्रेक्षक म्हणजे न्यायालय नव्हे. हसू काही कायद्याने वसूल करता येत नाही. एखाद्याला पाहून मनात किल्मिष येत असेल, तर त्याचे तिकीट काढलेच पाहिजे अशी सक्ती कोण करणार? शिवाय एक तरुण स्त्री मेली होती. तिच्या मरणाचा शोक करणाऱ्यांना ‘आता हसा’ असे कसे सांगावे?

हे सारे खरे आहे. हसण्याचे देणे कोणी कोणाला लागत नाही. पण खोट्या शब्दाचे देणे लागते. आर्बकल गुन्हेगार आहे असे ज्यांनी चार लोकांत म्हटले, त्यांनी ज्यूरीचा निर्णय ऐकल्यावर तितक्याच मोठ्याने, त्याच चार लोकांत, ‘आम्ही चुकलो’ असे म्हणावयास हवे होते. पुढे त्याचा चित्रपट पाहावा की न पाहावा, ही ज्याची त्याची मर्जी. आणि त्या मृत स्त्रीविषयी म्हणाल, तर तिलाही या गदारोळात न्याय मिळाला नाही. एका पक्षाने तिच्या मरणाचा बाजार मांडला, दुसऱ्याने तिच्या जगण्यावर शिंतोडे उडविले. आर्बकलजवळ निदान निर्णयाचा कागद तरी होता. तिला तर बोलावयासही जागा नव्हती. अफवा बळी घेते तेव्हा ती एकावर भागत नाही.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. दिवाळीचे दिवे ज्याच्या परत येण्याच्या आनंदात लागले असे आपण सांगतो, त्याच रामाच्या कथेचे उत्तरकांड आपण मुलांना सहसा सांगत नाही. सीतेने अग्निदिव्य केले. अग्नीने ग्वाही दिली. आणि तरीही लोकापवादाने तिला वनात धाडले. पुरावा हा शंकेचा उपाय असता, तर अग्नीहून मोठा पुरावा कोणता होता? लोकांना पुरावा हवाच होता असे नाही. त्यांना बोलावयास विषय हवा होता.

आर्बकल काम करीत राहिला, पण नाव बदलून. ‘विल्यम गुडरिच’ हे आपल्या बापाचे नाव पांघरून तो चित्रपटांचे दिग्दर्शन करू लागला. १९२७ मध्ये त्याने ‘द रेड मिल’ दिग्दर्शित केला, तो हर्स्ट यांच्याच चित्रसंस्थेसाठी! ज्यांच्या पत्रांनी त्याचे नाव मातीत घातले, त्यांचीच चाकरी दुसऱ्या नावाने करण्याची वेळ त्याच्यावर आली. १९३२ मध्ये अखेर त्याला स्वतःच्या नावाने पडद्यावर येता आले. त्याने सहा लहान बोलपट केले, आणि २९ जून १९३३ रोजी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, झोपेतच त्याचे हृदय थांबले.

या साऱ्या काळात कीटनची त्याच्यावरील श्रद्धा ढळली नाही; आयुष्याच्या अखेरीपर्यंत तो आपल्या गुरूला निर्दोषच मानीत आला. कारण तो त्या माणसाला ओळखत होता. लोक फक्त ‘फॅटी’ला ओळखत होते. ओळखीशिवाय केलेले प्रेम आणि ओळखीशिवाय केलेला द्वेष ही एकाच झाडाची फळे आहेत. दोन्ही फुकट मिळतात, म्हणून दोन्ही सहज टाकून देता येतात.

आज अफवेला छापखान्याचीही वाट पाहावी लागत नाही. ती खिशातल्या दूरध्वनीवरून घटकेत गावभर होते. निर्दोषत्वाची बातमी मात्र अजूनही बैलगाडीनेच येते, आणि आली तरी तिला बसावयास कोणी पाट देत नाही. फराळाच्या ताटाभोवती आप्तइष्ट जमले, की गप्पांत कोणाचे ना कोणाचे नाव निघतेच. तेव्हा ज्याच्याविषयी पूर्वी वाईट बोललो आणि जो पुढे निर्दोष ठरला, अशा एखाद्याची आठवण काढून ते बोलणे सर्वांदेखत मागे घेतले, तर सणाची गोडी काही कमी होणार नाही. आणि त्याच्याविषयी बोलताना ‘तो सुटला’ असे न म्हणता ‘त्याने काही केलेच नव्हते’ असे सरळ म्हणावे. वाक्य थोडे लांबते, एवढेच.