दुर्मिळाची हौस

भायखळ्याच्या जिजामाता उद्यानाला मुंबईकर अजून राणीची बागच म्हणतात. तेथे पेंग्विनच्या काचेसमोर रविवारी उभे राहायला जागा मिळत नाही. बाहेर अंगाची लाही आणि आत सोळा-अठरा अंशांचा गारवा! पेरू व चिलीच्या किनाऱ्यावरील हम्बोल्ट जातीचे हे आठ पक्षी जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सोलहून आणले गेले. त्यांतला एक ऑक्टोबरातच दगावला. १५ ऑगस्ट २०१८ रोजी येथे जन्मलेले पहिले पिल्लू आठवडाभरात गेले. नंतरची काही पिल्ले मात्र जगली, वाढली.

मीही त्या काचेशी उभा राहिलो आहे आणि खरे सांगायचे तर मला आनंद झाला. माझी अडचण त्या आनंदापासूनच सुरू होते. शेजारची जागा घेऊन बाग वाढवण्याच्या आराखड्यांत चित्ता, जॅग्वार, पांढरा सिंह ही नावे वेळोवेळी झळकली. त्याच बागेत आपल्या माळरानांवरचे तरसही आहे. त्याच्यासाठी रांग लागलेली मी पाहिलेली नाही. जे दूरचे, जे सरत चालले आहे, तेच आपल्या शहरात असावे असे वाटते, तेव्हा मनात असते ती काळजी की मिरवण्याची हौस?

हौसेला हसणे सोपे आहे, पण इतिहास तेवढा सोपा नाही. फादर आर्मां दाविद या फ्रेंच मिशनऱ्याने १८६५ साली पेकिंगजवळ सम्राटाच्या शिकारवनाच्या भिंतीवरून डोकावून एक आगळे हरीण पाहिले. रानातून ते केव्हाच नाहीसे झाले होते. काही हरणे युरोपात गेली. चीनमधला कळप १८९५ चा पूर आणि १९०० ची बंडाळी यांत संपला. इंग्लंडमध्ये बेडफर्डच्या ड्यूकने वोबर्नच्या आपल्या उद्यानात मूठभर हरणे जमवली, म्हणून ती जात तगली आणि १९८५ साली चीनमध्ये परतली. ड्यूकच्या मनात हौस किती आणि करुणा किती, हे कोण सांगणार? त्या हरणांना परतीची वाट मिळाली, एवढे खरे.

प्राणिसंग्रहालये स्वतःला नोहाचे तारू म्हणवून घेतात. तथापि पाणी ओसरल्यावर त्या तारवाचे दार उघडले होते. भायखळ्यातील पिल्लांना चिलीचा किनारा दिसणार नाही. तिकडे त्यांच्या भाऊबंदांना मासेमारीची जाळी नडतात, घरट्यांच्या जागेवरची विष्ठा खतासाठी खरवडून नेली जाते आणि एल निनोच्या वर्षी मासळीच दूर जाते. काचेपाशी उभ्या असलेल्या मुलाला यातले काही कळले नाही, तर त्याने पेंग्विन पाहिला की नुसती एक गंमत?

याच आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत उचलताना पडून फुटला. पुढे त्याचे तुकडे जोडून तो पुन्हा उभा केला गेला. दगडाच्या बाबतीत तेवढी सोय असते.

म्हणून मला वाटते, शेजारची जमीन हाती आलीच तर ती आधी आज पिंजऱ्यांत असलेल्यांना मिळावी: तरसाला, अस्वलाला, वाघांना. १८६२ पासूनच्या या बागेतील जुन्या झाडांना धक्का लागू नये. जॅग्वारचे त्यानंतर पाहू.