‘म्हणे’ या शब्दाचा कर्ता

मराठीत एक शब्द असा आहे की तो ऐकताच वकिलाने सावध होऊन बसावे, आणि घरात मात्र त्याच्यावाचून कोणाचे चालत नाही. तो शब्द ‘म्हणे’. ‘शेजारच्यांची मुलगी माहेरी परत आली म्हणे’, ‘यंदा तापीला मोठा पूर येणार म्हणे’. कोण म्हणतो, हे विचारण्याची सोय त्यात नाही. सांगणारा बातमी देतो, तिची हमी देत नाही. आणि एवढे सगळे तो दोन अक्षरांत उरकतो.

हा शब्द मुळात भरभक्कम क्रियापद होता. जुन्या मराठीत ‘म्हणे’ याचा अर्थ ‘म्हणतो’ एवढाच, आणि त्याला कर्ता लागे. संतांच्या नाममुद्रेत तो कर्ता अजून उभा आहे. ‘तुका म्हणे’ असे म्हणणारा पुरुष आधी आपले नाव घालतो आणि मग बोलतो. त्या बोलण्याचे जे बरेवाईट होईल ते त्याच्या नावावर. तुमच्याआमच्या बोलण्यातून मात्र नाव गळाले, क्रियापद वाक्याच्या शेवटी जाऊन बसले, आणि उरली ती ऐकीव गोष्टीची एक खूण. व्याकरणाचा बराचसा संसार अशा झिजलेल्या शब्दांवरच चालतो. ‘म्हणून’ म्हणजे मुळात ‘असे बोलून’. आज आपण त्याने कारण सांगतो. ‘पाहिजे’ या शब्दात एके काळी खरोखरीचे पाहणे होते. इंग्रजीतला ‘विल’ पूर्वी इच्छा दाखवी, आता तो भविष्यकाळाचा हरकाम्या झाला आहे. लॅटिन अमेरिकेतल्या स्पॅनिशमध्ये ‘म्हणतो की’ अशा दोन शब्दांचा मिळून ‘दिस्के’ झाला, तो पुष्कळदा आपल्या ‘म्हणे’च्याच जागी येतो. कोकणी वाचकांना ‘तो आयला खंय’ यातला ‘खंय’ आठवेल, आणि जे कानडी मुलखात वाढले त्यांना ‘अंते’. दुसऱ्याच्या तोंडचे आपल्या तोंडून सांगताना अंग थोडे चोरून घ्यावे, ही गरज सर्वांसच पडलेली दिसते.

शब्दांचे जे होते तेच हातवाऱ्यांचेही होते. निकाराग्वा देशात मानाग्वा शहरी 1977 साली कर्णबधिर मुलांची शाळा निघाली. तोवर ती मुले आपापल्या घरी घरगुती खुणांवर निभावून नेत होती. शिक्षकांचा भर ओठ वाचण्यावर. खुणांची भाषा त्यांना कोणी शिकविली नाही. परंतु मुले एकत्र आली, त्यांच्या खुणा एकमेकींत मिसळल्या, आणि मागाहून आलेल्या धाकट्या मुलांनी त्यांना शिस्त लावली. कोणी कोणास काय केले, हे हाताच्या रोखावरून नेमके कळू लागले. जी आधी नक्कल होती तिची विभक्ती झाली.

कायद्याने ही गोष्ट फार आधी ओळखली होती. 1885 साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयापुढे दुलारी नावाच्या स्त्रीचे प्रकरण आले. तिचा गळा कापलेला, वाचा गेलेली, पण शुद्ध शाबूत. तिला प्रश्न विचारले, तिने हाताने खुणा केल्या आणि पुढे ती वारली. 1872 च्या पुरावा कायद्यात मृताचे निवेदन ‘लेखी अथवा तोंडी’ असावे असे शब्द होते. मग हाताची खूण तोंडी कशी? पूर्ण पीठाने ठरविले की विचारलेला प्रश्न आणि केलेली खूण मिळून तिचे वचन होते. आजच्या 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही न बोलणाऱ्या साक्षीदाराची खूण तोंडी पुरावाच समजली जाते, आणि तिच्यासाठी दुभाषा व चित्रीकरण यांची तजवीज आहे. मुक्या माणसाच्या हाताची काळजी कायद्याने अशी घेतली. बोलत्या माणसाच्या शब्दाचे काय होते, ते मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो.

आमच्या बऱ्हाणपुरात भाषांची दाटी जुनीच आहे. येथल्या जामा मशिदीत फारुकी सुलतान आदिलशहाच्या काळचा, 1590 च्या सुमाराचा, अरबीबरोबर संस्कृत लेखही आहे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा गाव मध्य प्रदेशातच राहिले. घरी मराठी, बाजारात हिंदी-उर्दू, खेड्यात निमाडी, आणि साक्षीची नोंद हिंदीत. आम्ही वकील दिवसातून दहा वेळा एका भाषेतून दुसरीत उतरतो, आणि उतरताना काही सांडते.

पंधराएक वर्षांपूर्वी या भागातल्या एका न्यायालयात मी शेताच्या सौद्याचा एक दावा चालवीत होतो. माझ्या अशिलाने रक्कम चुकती केली होती की नाही, हाच वाद. समोरच्या पक्षाने आपल्या घरातली एक वृद्ध बाई साक्षीला आणली होती. उलटतपासणीत मी विचारले, ‘आजी, पैसे दिले ना यांनी?’ ती म्हणाली, ‘दिले म्हने.’ टंकलेखकाने हिंदीत उमटविले की पैसे दिले होते. तोंडी पुरावा प्रत्यक्ष हवा. ऐकीव गोष्ट त्यात चालत नाही. ‘म्हने’सकट तिच्या वाक्याची किंमत शून्य होती, ‘म्हने’ गळताच ते आमच्या दाव्याचा आधार झाले. समोरचे वकील मराठी जाणत नव्हते. मी जाणत होतो, आणि गप्प बसलो.

समर्थने माझ्यापाशी तयार होती. नोंद करणे न्यायालयाचे काम, हरकत घेणे समोरच्या वकिलाचे, माझी निष्ठा अशिलाशी. यांतले शेवटचे मी अजूनही सोडत नाही. अशिलाच्या विरुद्ध बोलणारा वकील मलाही नको. पण सर्वांत सोयीचे समर्थन निराळेच होते: ‘म्हणे’ हा बोलण्यातला चाळा आहे, त्याला अर्थ तो कितीसा? शब्द झिजला आहे याचा असा फायदा मी घेतला. वास्तविक ती बाई ‘मी पाहिले नाही’ हे मुद्दाम ठरवून सांगत नव्हती. तिच्या वतीने तिची भाषा ते सांगत होती. इतका प्रामाणिकपणा तिच्या व्याकरणात मुरलेला होता की त्यासाठी तिला विचार करावा लागला नाही. धर्मराजाचे अर्धे वाक्य शंखनादात बुडाले, तेव्हा निदान त्याने स्वतः आवाज खाली आणला होता. ही बाई स्वच्छ बोलली होती.

साक्ष तिला हिंदीतून वाचून दाखविण्यात आली. तिने मान हलविली आणि अंगठा दिला. त्या मान हलविण्याचा अर्थ ‘समजले’ असा होता की ‘तुम्ही म्हणाल तसे’ असा, हे कोणी विचारले नाही.

बाहेर व्हरांड्यात ती मलाच विचारू लागली, ‘काय लिवलं हो साहेब त्यांनी?’ मी म्हणालो, ‘तुम्ही सांगितलंत तेच.’