डेलॉस: जन्ममरणाला मज्जाव असलेले बेट

डेलॉस हे एजियन समुद्रातील जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचे खडकाळ बेट. लेटोने अपोलो आणि आर्टेमिस या जुळ्या देवतांना येथे जन्म दिला, अशी प्राचीन ग्रीकांची श्रद्धा होती. आज तेथे ना गाव आहे ना हॉटेल, आणि पर्यटकांना रात्रीच्या मुक्कामाची परवानगी नाही. त्यामुळे डेलॉसचा बेत आखणाऱ्याला राहण्याची सोय शेजारच्या मिकोनोस बेटावर पाहावी लागते. तेथून बोटीने सुमारे अर्ध्या तासात डेलॉस गाठायचे आणि त्याच दिवशी परतायचे. आजचा हा नियम अवशेषांच्या रक्षणासाठी आहे. पण तेथे कोणी आणि कोणत्या अवस्थेत थांबू नये याचे नियम फार जुने आहेत. जागा पवित्र असते म्हणजे नेमके काय असते, हा प्रश्न त्याच नियमांतून उभा राहतो.

इ.स.पू. ४२६-२५च्या हिवाळ्यात अथेन्सने डेलॉसचे शुद्धीकरण केले. बेटावरच्या सगळ्या कबरी उकरून मृतांचे अवशेष हलवण्यात आले. यापुढे बेटावर कोणी मरू नये आणि कोणी बाळंत होऊ नये, असा हुकूम निघाला. मरणाला टेकलेल्यांना आणि दिवस भरलेल्या स्त्रियांना लगतच्या रिनीया बेटावर न्यायचे होते. हे सारे इतिहासकार थ्युसिडिडीसने नोंदवले आहे.

सोयर आणि सुतक पाळणाऱ्या मराठी घराला यामागची कल्पना परकी वाटणार नाही. तरीही फरक मोठा आहे. सोयरसुतक माणसांना लागते आणि ठरावीक दिवसांनी फिटते. डेलॉसवर विटाळाचा संबंध थेट भूमीशी जोडला गेला. काशीचा विचार तर नेमका याच्या उलट जातो, कारण त्या क्षेत्री मरण येणे हीच मुक्ती मानली जाते. ग्रीक धर्मात मात्र देवांनीही मरणापासून दूर राहायचे असते. युरिपिडीसच्या नाटकात आर्टेमिस आपल्या लाडक्या भक्ताला, हिपोलिटसला, शेवटच्या घटका मोजताना सोडून निघून जाते. मरणाचा मज्जाव या धारणेत बसतो. बाळंतपणाचा मज्जाव पचणे अवघड आहे, कारण एका बाळंतपणामुळेच तर हे बेट पवित्र ठरले होते.

पावित्र्य जमिनीतच असते असे मानले, तर पुढचा इतिहास अडचणीचा आहे. अथेन्सच्या नेतृत्वाखालच्या नगरराज्यांच्या संघाचा खजिना आधी डेलॉसवर होता, इ.स.पू. ४५४मध्ये तो अथेन्सला गेला. शुद्धीकरणामागे धर्मभावना होती तशी सत्ताही होती. इ.स.पू. ४२२मध्ये अथेन्सने बेटावरच्या जिवंत रहिवाशांनाही अपवित्र ठरवून हाकलले आणि पुढच्याच वर्षी डेल्फीच्या देववाणीचा आधार घेऊन परत आणले. एका वर्षात माणसे अपवित्र होतात आणि पुन्हा चालतात, तेव्हा निर्णय भूमीचा नसतो. तो हुकूम काढणाऱ्यांचा असतो.

म्हणून असे नियम केवळ ढोंग होते असे म्हणणेही घाईचे ठरेल. अथेन्सहून दरवर्षी डेलॉसला एक पवित्र नौका जाई. ती परत येईपर्यंत नगर शुद्ध ठेवायचे आणि कोणालाही देहदंड द्यायचा नाही, असा कायदा होता. इ.स.पू. ३९९मध्ये सॉक्रेटीसच्या खटल्याच्या आदल्याच दिवशी या नौकेवर माळ चढून यात्रा सुरू झाली होती. वाऱ्याने साथ दिली नाही की ही यात्रा लांबत असे, असे प्लेटो सांगतो. झेनोफनच्या मते देहदंड ठोठावलेल्या सॉक्रेटीसला त्यामुळे तीस दिवस मिळाले. तुरुंगातली ती अखेरची संभाषणे या सवडीमुळेच होऊ शकली. एका दूरच्या बेटाच्या पावित्र्यासाठी एका नगराने काही काळ हात आवरला. नियमाचे खरे मोल येथे दिसते.

त्याच नियमाचे दिवाळे पुढे निघाले. इ.स.पू. १६६नंतर रोमच्या धोरणामुळे डेलॉस करमुक्त बंदर झाले. इसिस आणि सेरापिस या इजिप्शियन देवतांची मंदिरे तेथे होती, ज्यूंचे प्रार्थनास्थळही होते. एवढ्या देवांच्या शेजारी गुलामांचा बाजार भरे. दिवसाला दहा हजार गुलामांची आवकजावक होऊ शके, असे स्ट्रॅबो लिहितो. आकडा फुगवलेला असेलही, पण व्यापार खरा होता. बाईने बाळाला जन्म दिला तर विटाळ, आणि त्याच बाईला विकले तर नाही! शरीराच्या घटना मोजणारे आणि कृत्ये न मोजणारे पावित्र्य नीतीच्या कसोटीला उतरत नाही. ग्रीकांनाही हे सुचले नव्हते असे नाही. एपिडॉरसच्या देवस्थानातही जन्ममरणाला अशीच बंदी होती, पण मनातले विचार पवित्र असणे हीच शुद्धता, अशा अर्थाचा लेख तेथील मंदिरावर होता.

इ.स.पू. ८८ आणि ६९मधील लुटींनंतर बेट हळूहळू ओस पडले. फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी १८७०च्या दशकात उत्खनन सुरू केले, आणि मलेरियाच्या भीतीने १९२०च्या दशकात पवित्र तळे बुजवण्यात आले. आता तेथे उपासक नाहीत, फक्त पाहुणे आहेत.

बेत आखताना वारा धरूनच चालावे. उन्हाळ्यात मेल्तेमी हा उत्तरेचा वारा जोरात सुटला की बोटी रद्द होतात, म्हणून मिकोनोसमध्ये एक दिवस हाताशी जादा ठेवावा. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर बरा. बेटावर सावली जवळजवळ नाही. टोपी आणि पाणी सोबत हवे. ११२ मीटर उंचीच्या किंथोस टेकडीवरून पश्चिमेला रिनीया दिसते. शुद्धीकरणात उकरलेले अवशेष तेथेच एका खड्ड्यात पुरले होते. १८९८मध्ये तो खड्डा सापडला, आणि त्यातली मडकी मिकोनोसच्या पुरातत्त्व संग्रहालयात ठेवली गेली.