ज्याला दुखत नाही त्याचे दुखणे

मनुष्य झोपेतही स्वतःची राखण करीत असतो. एका कुशीवर फार वेळ पडून हाताला मुंग्या आल्या की तो न जागताच कूस पालटतो. भूल दिलेल्या रुग्णाला एवढेही करता येत नाही. त्याला ज्या स्थितीत ठेवावे त्या स्थितीत तो तासन्‌तास राहतो. आणि ती चुकली असेल तर तसे सांगणारी वेदनाच त्याच्यापाशी उरलेली नसते. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल जाहीररीत्या देऊन दाखविली. मानवजातीवर ते थोर उपकार झाले यात शंका नाही. परंतु आक्रोशाबरोबर रुग्णाची तक्रारही गेली. ती आता त्याच्या वतीने कोणी करावयाची? हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही, असे आम्हांस वाटते.

मणक्याच्या शस्त्रक्रियेचे उदाहरण घेऊ. रुग्णाला उताणे असताना भूल दिली जाते, श्वासनलिकेत नळी घातली जाते, आणि मग त्या निश्चेष्ट देहाला पालथे करावयाचे असते. पाहणाऱ्यास हे हमालीचे काम वाटेल. वस्तुतः नळी निसटली तर श्वासच खुंटतो, आणि पालथ्या रुग्णाला ती पुन्हा घालणे महाकठीण. भुलेमुळे रक्तवाहिन्यांची सावरण्याची शक्ती मंदावलेली असते, म्हणून नुसत्या वळविण्यानेही रक्तदाब उतरू शकतो. डोळ्यावर दाब राहिला तर दृष्टी जाण्याचे भय. कोपराला लागले की जी शीर करंगळीपर्यंत झिणझिण्या पाठविते, ती टेबलाच्या कडेवर काही तास दबली तर मनुष्य बधिर करंगळी घेऊन घरी जातो. हात खांद्यातून काटकोनापलीकडे ओढला गेला तर जागा माणूस ‘आई गं’ म्हणेल. शिथिल स्नायू काहीच म्हणत नाहीत.

म्हणून रीत अशी की भूलतज्ज्ञ डोक्याशी उभा राहतो, मस्तक व नळी त्याच्या हाती. इतर चार-पाच जण खांदे, कंबर, पाय सांभाळतात, आणि त्याने अंक मोजल्यावाचून कोणी देह हलवीत नाही. शल्यविशारद कितीही नामांकित असो, त्या क्षणी मोजणी त्याची नसते.

पायांशी बहुधा वॉर्डबॉय असतो. रुग्णालयात सगळे त्याला ‘मामा’ म्हणतात. लघवीची नळी ताणली जात आहे हे त्याच्याच दृष्टीस पडते. त्याने ‘थांबा’ म्हणावे काय? कागदावर उत्तर सोपे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी १९ कलमांची तपासणी-यादी प्रसिद्ध केली. छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, असे तीत म्हटले आहे. एकदा तोंड उघडलेला मनुष्य दुसऱ्यांदा ते सहज उघडतो, हा त्यामागील विचार. (पालथे करण्याची वेळ बहुधा त्याआधीच येऊन गेलेली असते, हा भाग निराळा.) परंतु ज्याला वर्षभर ‘तू गप्प बस’ ऐकावे लागले, त्याने ऐन वेळी बोलावे ही अपेक्षा कोणत्या न्यायाने करावी? आमच्या मते मामांना गप्प करणारा मनुष्य टेबलावरील रुग्णाचेही उरलेसुरले तोंड बंद करतो. आपल्या कुटुंबांतून परिचारिका झालेल्या मुलींना हे अधिक विस्ताराने सांगता येईल.

कोणी म्हणेल, रुग्ण धडधाकट घरी गेला की झाले. आम्हांस हे पटत नाही. कधी सारी काळजी घेऊनही शीर दुखावते आणि कारण उमगत नाही. कधी कसाही टाकलेला हात शाबूत राहतो. तेव्हा निष्पत्तीवरून कर्तव्याची परीक्षा होत नाही. कोपराखाली मऊ घडी कोणी सरकविली हे रुग्णाला कधीच कळणार नसते, आणि न सरकविणाऱ्याचेही नाव त्याला कळणार नसते.

घरच्यांकडे मात्र एक गोष्ट उरते. भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी तपासावयास येतो तेव्हा ‘शुद्धीवर कधी येईल?’ एवढेच आपण विचारतो. आजीचा उजवा खांदा वर जात नाही, तिची मान डावीकडे पुरती वळत नाही, हे त्याच वेळी सांगून ठेवावे. उद्या सकाळी ती ते सांगू शकणार नाही.