साडेएकोणीस इंचांची हद्द

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर ‘लेक ऑफ द वूड्स’ नावाचं अवाढव्य सरोवर पसरलंय. त्यात 14 हजारांहून अधिक बेटं! उन्हाळा आला की मित्रांची टोळकी आठवडाभराची रजा टाकून इथे येतात. कुणी केबिनमध्ये उतरतं, कुणी हाउसबोटीवर. हवा असतो तो वॉलाय मासा.

वॉलायच्या डोळ्यांत मांजरासारखा प्रकाश परतवणारा पडदा असतो. अंधूक उजेडात त्याला भक्ष्य नीट दिसतं, म्हणून गळ टाकायची खरी वेळ पहाट किंवा तिन्हीसांज. शिशाचं वजन लावलेल्या गळाला छोटी मासोळी टोचायची, तळापर्यंत सोडायची आणि दोरी हलकेच उचलत राहायची. वारा सुटून पाणी ढवळलं, तर भरदुपारीही मासा लागतो. मग एखाद्या बेटावर चूल पेटते. तव्यात ताज्या तुकड्या, बटाटे, कांदा. मालवणी माणूस आधी तिखट शोधेल, ते सोडा.

सरोवराच्या अमेरिकेतल्या, म्हणजे मिनेसोटा राज्याच्या हद्दीत मात्र साडेएकोणीस ते 28 इंचांमधला वॉलाय लागला, की तो मुकाट्याने पाण्यात सोडावा लागतो. अंडी घालणाऱ्या माद्या बहुतेक याच मापात सापडतात. मंडळी कुरकुरतात. कुरकुरू देत. मासे राखले नाहीत तर काय होतं, ते शेजारीच दिसलंय.

दक्षिणेला जवळच असलेल्या रेड लेकमध्ये बेसुमार मासेमारीने 1990 च्या दशकात वॉलाय जवळपास संपले होते. 1997 मध्ये तिथल्या ओजिब्वे आदिवासी मच्छीमारांनी आपणहून जाळी गुंडाळली. पुढे कोट्यवधी पिल्लं सोडली गेली. वॉलायसाठी गळ पुन्हा पाण्यात पडायला 2006 साल उजाडलं.