कॅमेरा कोणासाठी पाहतो?



पाताळगंगेकाठच्या आपट्यातून मुले कामासाठी रसायनी, पनवेल, मुंबई गाठतात. मागे म्हातारे आईबाप राहतात. म्हणून दारावर कॅमेरा येतो. काडी काडी जमवून उभ्या केलेल्या घराची राखण करावी, यात गैर ते काय?

पण राउटर बदलतो आणि मुलाच्या मोबाईलवर घर दिसेनासे होते. कॅमेरा बिघडला असे समजू नका. तो जुन्या वायफायचे नाव व पासवर्ड धरून बसलेला असतो. नव्या राउटरला तेच नाव, तोच पासवर्ड दिला तर बहुधा तो आपोआप जोडला जातो. नाहीतर रीसेटचे बटण दाबून ॲपमधून पुन्हा जोडावा. पुष्कळ स्वस्त कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. मोबाईल ५ वर ठेवून केलेली खटपट अनेकदा याच कारणाने फुकट जाते.

हे अर्ध्या तासाचे काम झाले. परंतु राउटर बदलला म्हणजे पाहणारेही बदलले काय? मुळीच नाही! वायफायचा पासवर्ड वेगळा, कॅमेऱ्याचे खाते वेगळे. ज्याने प्रथम कॅमेरा बसवून दिला, त्याच्याच खात्यावर तो राहिला असेल, तर जोडताक्षणी त्यालाही तुमचे अंगण दिसू लागते. २०१६ साली मिराई नावाच्या घातकी प्रोग्रामने कारखान्यातलेच पासवर्ड ठेवलेले लाखो कॅमेरे, राउटर ताब्यात घेऊन इंटरनेटवर हल्ले चढवले. मालकांना पत्ताही नव्हता. राखणदार परस्पर दुसऱ्याचा चाकर झाला होता.

आणि आपण तरी काय पाहतो? समोरच्या घराचे दार, शेजारणीची मोरी? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. तुमच्या घरगुती कॅमेऱ्यावर त्यामुळे लगेच खटला होईल असे नव्हे. पण न दिलेले घेऊ नये, हे आपण पोरांना शिकवतो ना? शेजारणीने आपले अंगण तुम्हांला केव्हा दिले?

घराच्या आतला कॅमेरा तर अधिकच अवघड. आई दिवसभर काय करते, सून कोणाशी बोलते, हे मुंबईत बसून पाहणाऱ्याने त्या दोघींना विचारले होते काय? ‘काळजीपोटी’ हे उत्तर मला पुरे वाटत नाही. काळजी असेल तर फोन करावा. आई ‘असू दे’ म्हणाली, तर कॅमेरा खुशाल ठेवावा.

तेव्हा जोडण्यापूर्वी तो जुन्या खात्यातून काढून घ्या. नवा पासवर्ड मुलापाशी तसा आईच्या वहीतही लिहिलेला असू द्या. स्टुलावर चढलाच आहात, तर कॅमेऱ्याचे तोंड जरा खाली, आपल्या उंबऱ्याकडे वळवा. आणि जुना राउटर भंगारवाल्याला देण्याआधी तोही रीसेट करा.