येऊन गेलेल्याची प्रतीक्षा

ख्रिस्ती उपासनावर्षाचा आरंभ जानेवारीत होत नाही. नाताळाच्या आधीच्या चौथ्या रविवारी, म्हणजे 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर या सात दिवसांत जो रविवार येईल त्या दिवशी तो होतो, आणि तेथून 24 डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंतच्या कालखंडाला आगमनकाळ म्हणतात. नाताळ कोणत्या वारी येतो त्यानुसार या काळाची लांबी 22 ते 28 दिवसांच्या दरम्यान बदलते. या दिवसांत मंडळी, म्हणजे उपासनेसाठी एकत्र येणारा स्थानिक ख्रिस्ती समुदाय, यशयासारख्या संदेष्ट्यांची वचने वाचते, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची पश्चात्तापाची हाक ऐकते आणि तारणाऱ्याने यावे अशी प्रार्थना करते. परंतु हीच मंडळी त्याच उपासनेत विश्वासांगीकार म्हणताना, म्हणजे आपल्या श्रद्धेची ठरलेल्या शब्दांत जाहीर कबुली देताना, तो तारणारा जन्मला, पंतय पिलाताच्या अमलात वधस्तंभावर मेला आणि पुन्हा उठला असेही सांगते. जो येऊन गेला आहे असे निश्चयाने मानले जाते, त्याची वाट पाहण्याला अर्थ कोणता, हा आगमनकाळाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे; आणि मुंबईच्या गिरणगावातील ज्या परळ-लालबागने वाट पाहण्याचे अनेक प्रकार अनुभवले आहेत, तेथे तो केवळ धर्मशास्त्राच्या वर्गापुरता राहत नाही.

या प्रश्नाला सोपे उत्तर असे दिले जाते की आगमनकाळ ही स्मृतीची पुनरावृत्ती आहे: इस्राएल लोकांनी शतकानुशतके जी वाट पाहिली, ती मंडळी चार आठवड्यांत कल्पनेने पुन्हा अनुभवते. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 1616 साली छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’ची रचना या समजुतीला पोषक वाटते, कारण सुमारे अकरा हजार ओव्यांच्या त्या मराठी ग्रंथाचे पहिले पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून मसीहाच्या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबते आणि जन्मकथा दुसऱ्या पुराणासाठी राखून ठेवते. पण आगमनकाळ एवढाच असता तर तो एक भाविक नाट्यप्रयोग ठरला असता, ज्याचा शेवट प्रेक्षकांना आणि नटांना सारखाच ठाऊक असतो. या काळाची जुनी वाचने पाहिली की हे उत्तर अपुरे पडते. 1662 च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी जे शुभवर्तमान नेमलेले आहे, त्यात बेथलेहेम नाही, मेंढपाळ नाहीत, बाळ नाही; मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायातला तो प्रसंग येशूच्या यरुशलेमप्रवेशाचा आहे, आणि त्याच्या अखेरीस येशू मंदिरातील विक्रेत्यांना हाकलून सराफांचे चौरंग उलथून टाकतो. मध्ययुगीन प्रवचनकारांनीही या चार रविवारी मृत्यू, न्याय, स्वर्ग आणि नरक हे चार विषय घेण्याची प्रथा पाडली होती. बाराव्या शतकातील क्लेर्व्होचे संत बर्नार्ड यांनी तीन आगमनांची मांडणी केली: देहातले, जे झाले, गौरवातले, जे व्हायचे आहे, आणि या दोहोंच्या मध्ये मनुष्याच्या अंतःकरणात सतत होत असलेले. आगमनकाळ या तिन्ही काळांत एकदम उभा असतो, आणि म्हणूनच त्याला उत्सवाची पूर्वतयारी एवढेच म्हटले की त्याचा दोन तृतीयांश आशय गळून पडतो.

मराठी ख्रिस्ती समाजाच्या बाबतीत या काळाचा इतिहास विशेष गुंतागुंतीचा आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. 1813 साली मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालेल्या संस्थेने पाठवलेले होते, आणि त्यांची धार्मिक घडण न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेत झालेली होती. त्या मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 ते 1681 या काळात नाताळ साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड होत असे. 1829 साली मुंबईत आलेले डॉ. जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारी स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळीतले, म्हणजे वडिलांच्या सभेमार्फत कारभार चालवणाऱ्या परंपरेतले होते, आणि त्या देशात नाताळला सार्वजनिक सुट्टी मिळाली ती थेट 1958 साली. या दोन्ही परंपरांचा आक्षेप असा होता की पवित्र शास्त्रात जो दिवस पाळण्याची आज्ञा नाही, तो चर्चने विश्वासणाऱ्यांवर लादू नये. प्रत्येक रविवार हाच पुरेसा सण आहे. मुंबई इलाख्यातील प्रॉटेस्टंट मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग अशा लोकांच्या हातून घडला ज्यांना सणावारांविषयी मुळातच संशय होता, ही गोष्ट आज त्या समाजातील नाताळचा थाटमाट पाहणाऱ्याला खरी वाटणार नाही. शेजारच्या रोमन कॅथलिक वस्त्या, सरकारी सुट्टी आणि सणाशिवाय वर्ष न कल्पिता येणारा मराठी स्वभाव यांच्या रेट्याने नाताळ या मंडळ्यांत लवकरच रुजला. करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांचा फराळही त्याच्यासोबत आला. आगमनकाळ मात्र तसा आला नाही. सणाचा आनंद शेजाऱ्याकडून घेता येतो, सणाआधीचा संयम घेणे अवघड असते.

आगमनकाळाचे पंचांग चालू राहिले ते अँग्लिकन मंडळ्यांत, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेत वाढलेल्या आणि बिशपांच्या अधिकाराखालील मंडळ्यांत. परळचे सेंट मेरीज चर्च हे मूळचे याच परंपरेतले. पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही संयुक्त मंडळी स्थापन झाली, आणि अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, मेथडिस्ट अशा भिन्न सवयींची माणसे एका छत्राखाली आली. तो दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता. ज्या मंडळ्यांच्या पूर्वसूरींना आगमनकाळ मान्य नव्हता, त्यांनी आपल्या नव्या ओळखीत प्रवेश केला तो त्याच काळाच्या पहिल्या दिवशी. त्यामुळे आज मुंबईतील अनेक मराठी मंडळ्यांसाठी आगमनकाळ हा आजोबांकडून आलेला वारसा नसून प्रौढ वयात केलेला स्वीकार आहे, आणि स्वीकारलेल्या गोष्टीचे प्रयोजन विचारण्याचा अधिकार वारशापेक्षा स्वीकारात अधिक असतो.

तयारीचा बाह्य भाग थोडक्यात सांगता येतो. वेदीवर जांभळे वस्त्र येते, कारण तो पश्चात्तापाचा रंग मानला जातो. देवदूतांच्या गीतावर आधारलेले ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगान अनेक परंपरांत नाताळपर्यंत राखून ठेवले जाते. दर रविवारी एक अशा क्रमाने चार मेणबत्त्या पेटवल्या जातात. मेणबत्त्यांच्या या चक्राला पुष्कळदा प्राचीन समजले जाते, पण त्याचा उगम 1839 साली हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न यांनी निराधार मुलांच्या आश्रमात टांगलेल्या चाकात आहे. गायनवृंदाच्या तालमी, संडेस्कूलच्या मुलांची जन्मनाटिका, महिला मंडळाची स्वच्छता आणि फराळ, तरुणांची घरोघर फिरणारी गायनमंडळी ही कामे त्यासोबत चालतात. आणि शहरी सोयीपोटी ती इतकी अलीकडे सरकत जातात की दुसऱ्या आठवड्यातच नाताळ सुरू झाल्यासारखे वाटते. कार्यालयांच्या पार्ट्या आणि मॉलमधली झाडे यांना दोष देणे सोपे आहे. पण मंडळीलाच जर वाट पाहण्याचे कारण सांगता येत नसेल, तर बाजाराने ती वाट पाहू नये याबद्दल तक्रार कशाला?

वाट पाहण्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप बाजाराकडून येत नाही. तो नीतीच्या बाजूने येतो, आणि त्याचा परळशी निकटचा संबंध आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी परळच्या बी.आय.टी. चाळीत अनेक वर्षे काढली, आणि 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेसाठी दामोदर हॉलमध्ये जी सभा झाली तीही परळमधलीच. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीविषयी त्यांनी लिहिलेला इंग्रजी निबंध त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाला नाही, तथापि त्यातील टीका आजही टोचणारी आहे: अस्पृश्यांमधून ख्रिस्ती झालेल्यांनी आपल्यावरील सामाजिक अन्यायाविरुद्ध झगडा उभारला नाही, ते मिशनवर विसंबून राहिले, आणि याचे एक कारण त्यांना मिळालेल्या शिकवणीत होते, कारण ती दुःखाचे मूळ भोवतालच्या व्यवस्थेत न शोधता माणसाच्या पापात शोधत होती. मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग अहमदनगर आणि मराठवाड्यातील याच समाजांतून आलेला असल्याने ही टीका परक्याची ठरत नाही. आंबेडकरांचा महापरिनिर्वाण दिन, म्हणजे 6 डिसेंबर, दरवर्षी आगमनकाळातच येतो. त्या दिवशी चैत्यभूमीकडे जाणारा लाखोंचा समुदाय दादर-परळचे रस्ते व्यापतो, आणि त्याच आठवड्यात परळच्या मंडळीत तारणाऱ्याची प्रतीक्षा सुरू असते. या दोन गोष्टी केवळ कालगणनेच्या योगायोगाने शेजारी आल्या आहेत; पण योगायोगानेही प्रश्न विचारला जाऊ शकतो. प्रतीक्षा ही अन्याय सहन करण्याची सवय तर नव्हे?

परळला अंत नसलेली प्रतीक्षाही ठाऊक आहे. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेला सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला, गिरण्या बंद पडल्या, आणि ‘पुन्हा भोंगा वाजेल’ या आशेवर कित्येक घरांतील एक पिढी खर्ची पडली. आशा ही नेहमी सद्गुणच असते असे अशा ठिकाणी सांगणाऱ्याने जपून बोलावे.

आंबेडकरांच्या आक्षेपाला उत्तर मिशनच्या शाळा आणि दवाखाने मोजून देता येणार नाही. ते आगमनकाळाच्या स्वतःच्या वाचनांतून द्यावे लागेल, आणि तसे देता येते असे म्हणण्यास जागा आहे. या काळाच्या अखेरीस जिचे गीत वाचले जाते ती मरीया, जिच्या नावाने परळचे हे चर्च ओळखले जाते, लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात एक विलक्षण गोष्ट करते. मूल अजून जन्मलेले नाही, हेरोद गादीवर आहे, रोमन कर चालूच आहे. तरीही अधिपती आसनावरून खाली खेचले गेले, दीन उंचावले गेले, भुकेले तृप्त झाले आणि धनवान रिकाम्या हातांनी परत पाठवले गेले असे ती भूतकाळात बोलते. जे दिसत नाही ते घडून गेल्यासारखे सांगणे याला भाबडेपणा म्हणता येईल. पण तिच्या बोलण्यात सद्यःस्थितीचा नकार आहे: जे राज्य चालू दिसते आहे त्याचा अधिकार संपलेला आहे, असा तो दावा आहे. फ्रेंच धर्मशास्त्रज्ञ ऑस्कर कुलमान यांनी 1946 साली हीच कल्पना महायुद्धाच्या भाषेत मांडली. निर्णायक लढाई जिंकली गेली आहे, विजयाचा दिवस अजून यायचा आहे. गिरणगावाला त्याहून जवळचा दृष्टान्त दिवाणी न्यायालयाचा आहे: हुकूमनामा झाला आहे, ताबा मिळालेला नाही. गिरण्यांच्या जमिनींवर घराचा हक्क मान्य होऊनही घरासाठी झगडत राहिलेल्या कामगारांना या दोहोंतील अंतर कोणी समजावून सांगायला नको. ज्याच्याजवळ हुकूमनामा आहे त्याची प्रतीक्षा भिकाऱ्याच्या प्रतीक्षेहून वेगळी असते, कारण तो मागतो ते आपले मागतो, आणि बजावणीसाठी हालचाल करणे हा त्याच्या प्रतीक्षेचाच भाग असतो. मुळातला पेचही येथेच सैल होतो: तारणारा येऊन गेला हा हुकूमनामा, आणि तो यायचा आहे ही बजावणी.

हे उत्तर तर्काला पटले तरी भक्तीच्या अंगाने अपुरे वाटते, आणि ती उणीव मराठी परंपरा भरून काढते. लालबाग-परळमध्ये गणपतीच्या कार्यशाळांतून मूर्ती निघतात तेव्हा आगमन सोहळ्याला रस्ते दुथडी भरतात. तेथे येणाऱ्याची तिथी ठरलेली असते आणि जाण्याचीही, त्यामुळे वाट पाहणे हा निखळ आनंद असतो. पंढरीच्या परंपरेत तर भूमिकाच उलटतात: वाट पाहतो तो देव, आणि पुंडलिकाची आईवडिलांची सेवा संपेपर्यंत तो विटेवर उभा राहतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंगाच्या आणि भजनाच्या वाटेने ख्रिस्तभक्ती मराठीत आणली, आणि 1917 साली मिशनच्या चौकटीबाहेर ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, तेव्हा या उलटलेल्या नात्याची जाण त्यांच्यासोबत मंडळीत आली. ती शास्त्राला परकी नाही. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात विलंबाचा उलगडा असाच केला आहे की प्रभू उशीर करत नाही, तो धीर धरतो, कारण कोणाचाही नाश व्हावा अशी त्याची इच्छा नाही. म्हणजे चार आठवडे मंडळी ज्याची वाट पाहते, तो मंडळीची वाट पाहत असतो. फरक एवढाच की विटेवरचा देव भक्ताचे काम संपण्याची वाट पाहतो, तर योहानाच्या हाकेतला देव ते काम सुरू होण्याची.

आणि येथे 1662 चे ते जुने वाचन पुन्हा महत्त्वाचे ठरते. येणारा प्रथम राजवाड्यात जात नाही, मंदिरात जातो, आणि न्यायाचा आरंभ देवाच्याच घरापासून करतो. मंडळीतल्या मंडळीत सोयरीक जुळवताना जुनी जात विचारली जाते की नाही, पंचकमिटीत कोणाच्या शब्दाला वजन असते, देणगीदाराच्या नावाची पाटी कोठे लागते, हे प्रश्न जांभळ्या वस्त्राच्या चार आठवड्यांत विचारायचे आहेत. नाताळचे पांढरे वस्त्र चढल्यावर ते विचारणे अशिष्ट वाटू लागते. 2023 साली चौथा रविवार 24 डिसेंबरलाच आला होता, त्यामुळे सकाळच्या उपासनेतील जांभळा रंग काढून रात्रीच्या उपासनेसाठी पांढरा घालण्यास वेदी सजवणाऱ्यांच्या हाती जेमतेम एक दुपार उरली होती.